मोनिकाच्या मिस्सेतलं स्तोत्र

त्या सकाळी चर्चच्या पायरीवर उभी असताना मला पहिल्यांदाच वाटलं, की गायकवृंदाची जबाबदारी आपण घ्यायलाच नको होती. आत मोनिकाची शवपेटी आली होती. ती नर्स होती. डेंग्यूच्या तापानं तिशीच्या आतच गेली. दर रविवारी माझ्या शेजारी उभी राहून गायची. तिच्या अंत्यविधीच्या मिस्सेसाठी, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनाविधीसाठी, गाणी निवडताना तिलाच विचारावं म्हणून मी फोन हातात घेतला होता, इतकी तिची सवय होती.

तिचे वडील, सायमनकाका, चादरीच्या कारखान्यात मेकॅनिक. त्यांचं एकच मागणं होतं. मोनिका घरात सतत गुणगुणायची ते सिनेमातलं गाणं मिस्सेत म्हणायचं. गाणं गोड होतं, पण प्रियकराची वाट पाहणाऱ्या मुलीचं. ते मिस्सेतलं नव्हे, असं फादरही म्हणाले. काकांना सांगणं मात्र माझ्या वाट्याला आलं. मी म्हणाले, "काका, घरी मी ते नक्की म्हणेन. पण मिस्सेत आपण तिला देवाच्या हाती देतो. तिथं त्याच्याशीच बोलू."

"माझी पोर शेवटची आली हाय हितं," काका म्हणाले, "आन् तिचं एक गाणं तुला जड झालं व्हय? म्हणा तुमी तुमचं. मी बाहेरच थांबतो."

ते खरंच फाटकापाशी जाऊन उभे राहिले. काकू पहिल्या बाकावर एकट्याच होत्या. कुणी मला बोललं नाही, पण सगळ्यांच्या नजरा मलाच दोष देत होत्या. नियम मोठा की बाप, हा प्रश्न मीही स्वतःला विचारत होते.

बायबलचं वाचन संपलं, स्तोत्राची वेळ आली. संकटात देवाला हाक मारणाऱ्या माणसाचं स्तोत्र मी निवडलं होतं. ध्रुवपद मी एकदा म्हणायचं, मग सगळ्यांनी. मी कसंबसं म्हटलं, शेवटाला आवाज फाटला आणि पुढे कुणीच उचललं नाही. भरलेलं चर्च गप्प. कीबोर्डवाल्याचे हातही थांबले. मी मनात म्हणाले, देवा, माझं चुकलं असेल तर सांग. नसेल तर आता तूच सांभाळ.

तेवढ्यात मागच्या बाकावरून एका बाईनं ते ध्रुवपद उचललं. आवाज जाडाभरडा, उच्चार कानडी वळणाचे, पण शब्द नि चाल मी म्हटली तशीच. तिच्यामागून दोघं-तिघं, मग सगळं चर्च. मला पुढची ओळ म्हणता आली. तिसऱ्या कडव्याला पाहिलं, तर काका काकूंशेजारी येऊन बसले होते. त्यांचे ओठ हलत होते.

मिस्सा संपल्यावर मी त्या बाईंना गाठलं. त्या मंद्रूप गावच्या, आमच्यासारख्या ख्रिस्ती नव्हत्या. बहीण जवळच्या दवाखान्यात होती, म्हणून घटकाभर देवापाशी टेकायला आल्या होत्या. संकोचून म्हणाल्या, "आमच्या भजनात एकानं म्हटलं की मागून म्हणत्यात. कुणीच म्हणंना, म्हणून म्या म्हटलं. चुकलं का?"

मी त्यांचे हात धरले. दफनानंतर काकांच्या अंगणात मोनिकाचं गाणंही म्हटलं. काका डोळे मिटून ऐकत होते.

आजही गाणी निवडताना मी नियम पाहते, फादरांना विचारते, सराव घेते. तेवढं माझं काम आहे. पण हाकेला ओ कुणाच्या तोंडून येईल, हे ठरवणं माझ्याकडे नाही, याचं आता मला ओझं वाटत नाही. त्या बाईंची बहीण बरी व्हावी, एवढं मात्र रोज मागते.