रेहानाची डावखुरी रायफल

रेहानाच्या नवऱ्याचा, इक्बालभाईंचा फोन आला तेव्हा मी दुबईहून शारजाकडे येणाऱ्या गर्दीत अडकले होते. “मेधाताई, रेहाना गेली,” एवढंच ते म्हणाले. त्याच दिवशी असरच्या, म्हणजे दुपार उलटतानाच्या नमाजानंतर दफन झालं. पुरुषमंडळी कबरस्तानात गेली आणि मी अल नहदातल्या त्यांच्या फ्लॅटवर सनाजवळ बसून राहिले. सना त्यांची एकुलती एक मुलगी, कॉलेजात शिकते. दुपारभर ती एकच वाक्य बोलली, “शी सेड शी’ड शूट अगेन इन विंटर.”

रेहाना मूळची रत्नागिरीची. इथे एका शाळेत ती खेळाची शिक्षिका होती आणि मी त्याच शाळेच्या ऑफिसात. कॉलेजात असताना ती नेमबाजीच्या पथकात होती; पुढे लग्न, आखात, सना, या सगळ्यात ते मागे पडलं. चाळिशी ओलांडल्यावर एका सहकाऱ्याबरोबर ती वाळवंटातल्या एका शूटिंग क्लबात गेली आणि तिथली भाड्याची रायफल चालवून परत आली ती वेगळीच बाई होऊन. आठशे मीटरवर लोखंडाची पाटी टांगलेली असते. साध्या डोळ्यांना ती दिसतही नाही. गोळी सुटते, तुम्ही श्वास घ्यायचं विसरता, आणि मग लांबून आवाज येतो. “मेधा, मधला तो वेळ असतो ना, तेवढ्यापुरतं डोकं एकदम रिकामं होतं बघ,” ती म्हणायची. मला नेमबाजीतलं ओ की ठो कळत नव्हतं. पण ती मला सोबत न्यायची, शेजारी दुर्बीण लावून बसवायची आणि गोळी कुठे पडली ते सांगायला लावायची.

भाड्याची रायफल दहाजणांच्या हातची. तिला स्वतःच्या मापाची हवी होती. इथे आपल्यासारख्यांनी रायफल घरी ठेवायचा प्रश्नच नव्हता; ती क्लबने मागवायची, क्लबच्याच शस्त्रागारात राहायची, हे आधीच ठरलं होतं. शस्त्रागार सांभाळायचे ते बिश्टसाहेब, फौजेतून निवृत्त झालेले गढवाली गृहस्थ. पहिल्याच दिवशी रेहानाने बॅरल कोणती घ्यायची असं विचारलं, तर ते म्हणाले, “मॅडम, बॅरल बाद में। पहले बताइए, लेटकर चलाओगी या बेंच पर बैठकर? और उठाकर कौन ले जाएगा?” “मीच नेणार,” ती म्हणाली, चक्क मराठीत. त्या उत्तरावर पुढचं सगळं ठरत गेलं. जाड बॅरल स्थिर राहते पण वजन वाढवते, म्हणून मधल्या जाडीची. खांद्याला धक्का कमी बसेल अशी गोळी. खांद्याला लावायचा दस्ता असा, की गाल टेकायची पट्टी वरखाली करता येईल. शाळेतल्या मधल्या सुट्टीत चहा घेताना आमच्या बोलण्यात ट्रिगर आणि दुर्बीण असायची, आणि बाकीच्या शिक्षिका आमच्याकडे बघत राहायच्या. लग्नाचा शालूही तिने इतका विचार करून घेतला नसेल.

सगळं ठरलं, ऑर्डर जायची तेवढी बाकी होती, आणि उजव्या छातीत गाठ निघाली. ऑपरेशन झालं, पुढची सगळी औषधं झाली. उजव्या खांद्यावर धक्का घ्यायचा नाही असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. इक्बालभाईंनी विषय मिटवून टाकला. “खलास. आधी बरी हो, मग बंदूक.” ती उशीला टेकून बसली होती, डोक्याला रुमाल बांधलेला. म्हणाली, “बरी झाल्यावर काय करायचं, ते आत्ता नको ठरवायला?” ते उठून गॅलरीत गेले. तिने माझ्याकडे बघितलं. “डावखुऱ्यांसाठी वेगळी ॲक्शन मिळते, मेधा. गोळी आत ढकलायचा बोल्ट डाव्या बाजूला. बिश्टसाहेबांना फोन लाव.”

रायफलचं सगळं चित्रच उलटं झालं. आणि रेहानानेही स्वतःला उलटं करायला घेतलं. चष्म्याच्या उजव्या काचेवर पट्टी चिकटवून ती टीव्ही बघायची, डाव्या डोळ्याला सवय व्हावी म्हणून. सोफ्याच्या हातावर लाटणं ठेवून डाव्या हाताने बोल्ट ओढायचा सराव करायची… वर, मागे, पुढे, खाली. “मम्मी, यू लुक क्रेझी,” सना हसायची, आणि हसता हसता आत निघून जायची.

सुटे भाग येऊन रायफल जुळेपर्यंत बरेच महिने गेले. तोपर्यंत आजार परतला होता, या वेळी यकृतात. थंडी सरता सरता रायफल आली. आम्ही गेलो तेव्हा बिश्टसाहेबांनी ती आधी दिलेल्या मापांवर लावून ठेवली होती. रेहाना आडवी झाली, पण गाल पट्टीला नीट टेकेना, दस्ता लांब पडायला लागला. ती फार वाळली होती. “माझ्या मापाची केली आणि मापच बदललं,” ती म्हणाली. बिश्टसाहेब गुडघे टेकून शेजारी बसले आणि स्क्रू सैल करून पट्टी हळूहळू सरकवत राहिले. “अब देखिए, मॅडम… अब?” ती ‘ठीक आहे’ म्हणेपर्यंत ते विचारत राहिले.

शस्त्रागारापासून चटईपर्यंत रायफल तिला उचलवली नव्हती. इक्बालभाई, जे कधीही क्लबात पाऊल टाकत नसत, त्यांनी ती दोन्ही हातांवर आडवी घेऊन आणली होती, लहान मूल आणावं तशी. पहिली गोळी पाटीच्या डावीकडे मातीत गेली. दुसरीही. मी सांगत होते, ती काही न बोलता बोल्ट ओढत होती. तिसऱ्या वेळी माझ्या दुर्बिणीत पाटी हलली. आवाज मागाहून आला, अगदी बारीक. रेहाना तशीच पडून राहिली, गाल दस्त्यावर. “इक्बाल, लागली. ऐकलंस?” “ऐकलं ग,” ते म्हणाले आणि तोंड फिरवून उभे राहिले.

तेवढंच. पुन्हा जाणं झालं नाही. शेवटच्या दिवसांत ती चिडायची, सगळ्यांवर, माझ्यावरही. इतकं सगळं करून तीन गोळ्या, असं एकदा म्हणाली आणि भिंतीकडे वळून झोपली.

गेल्या शुक्रवारी बिश्टसाहेबांनी आम्हाला बोलावलं. क्लबात एक डावखुरी बाई आली आहे, तिला ही रायफल वापरायची आहे; मापं बदलावी लागतील, म्हणून आधी विचारतो, म्हणाले. इक्बालभाईंनी रायफलच्या दस्त्यावरून हात फिरवला. “बदला,” शेवटी म्हणाले. “चलाने दो. नुसती पडून राहिली तर तिला आवडणार नाही.”

मी म्हटलं, बदलायच्या आधी मला एकदा बघू द्या. चटईवर मांडलेल्या रिकाम्या रायफलमागे मी डावा खांदा लावून आडवी झाले. रायफलवरच्या दुर्बिणीत नुसती काळी सावली दिसत होती, डोळा नेमक्या जागी येत नव्हता. “मॅडम, आपके लिए पट्टी थोड़ी सरका दूं?” बिश्टसाहेबांनी विचारलं. मी नको म्हटलं. मान आखडून, हळूहळू गाल खाली नेला… तिचा जिथे टेकायचा तिथपर्यंत. सावली सरकली, आणि लांबवर ती पांढरी पाटी स्वच्छ दिसली, वाऱ्यावर किंचित हलणारी.