दूरचं मिठाचं गाव

न्यान हट्टी बाई, हे चेक देशातल्या रुंबुर्क गावात तिच्या दुकानात पाव घ्यायला येणाऱ्या कुणालाही विचारा. नाताळात सगळं गाव घरात बसलेलं असायचं तेव्हाही हिचं दुकान उघडं. गिऱ्हाईक ताटकळलेलं तिला खपायचं नाही. नवरा तुआन प्रागच्या घाऊक बाजारातून माल आणायचा, ही गल्ला सांभाळायची. आणि मुलगी? मुलगी असायची लुदमिला नावाच्या आजीकडे. सख्खी आजी नव्हे हो, पगारावरची चेक बाई. इथल्या व्हिएतनामी दुकानदारांची रीतच ती. पोर तान्हं असतानाच अशा आजीच्या ओटीत घालायचं, म्हणजे आईबाप दुकानात उभे राहायला मोकळे आणि पोर इथली भाषा शिकून शहाणं.

पोर शहाणं झालं, यात वादच नाही. आईबापाने ठेवलेलं नाव माय, पण आजीने ठेवलेलं यित्का हेच तिला आपलं वाटायचं. रविवारी दुपारी ती दुकानात यायची, दुधाच्या क्रेटवर पाहुण्यासारखी बसायची आणि पाय हलवत आजीची वाट बघायची. लेकीला व्हिएतनामी येत नव्हतं. आईचं चेक म्हणजे मालाच्या किमती, 'नमस्कार' आणि 'धन्यवाद'. सप्टेंबरात शाळा सुरू व्हायची होती. त्याआधी लेक घरी आणायचीच, असं न्यानने मनाशी पक्कं केलं.

लुदमिला आजीने आढेवेढे घेतले नाहीत, पण मानही डोलावली नाही. "मी तिला धरून ठेवणार नाही आणि ढकलणारही नाही," ती म्हणाली. "ज्या दिवशी ती आपणहून म्हणेल, आईकडे राहते, त्या दिवसापासून तुझ्याकडे. पण तिला गोष्ट लागते हं. येते का सांगता?"

न्यानने एकदा सांगून बघितली होती. "एक होतं दूर गाव," एवढ्यावरच यित्का खुदकन हसली होती. "दूर गाव काय! दूरचं गाव. आई बाळासारखं बोलते." न्यानचं तोंड तिथंच मिटलं. पोटच्या पोरीसमोर मेल्याहून मेल्यासारखं झालं तिला.

"तर मग शिकवा मला," ती आता आजीला म्हणाली.

व्हिएतनामी भाषेत 'दूर' हा शब्द कशाहीशेजारी ठेवा, आहे तसाच राहतो. चेकमध्ये त्याला शेजारी बघून कपडे बदलावे लागतात, आपल्या दूरचा-दूरची-दूरचंसारखे : दालेकी, दालेका, दालेके. आजी दुकानाच्या दारात उभी राहून बोट दाखवायची आणि न्यानने म्हणायचं. दूरचा डोंगर. दूरची वाट. दूरचं शेत. चुकली की पहिल्यापासून. मग गोष्टीतलं एकेक वाक्यही तसंच. माल लावतानाही तिचे ओठ हलत असायचे.

गिऱ्हाइकांनाही तिने सोडलं नाही. रेल्वेतून निवृत्त झालेले ह्रुबेश बियर घ्यायला यायचे.

"काय बाई, आज कुठवर पोचलात?"

"दूरचं घर."

"कुणाचं? माझं तर कोपऱ्यावर आहे."

"येताना जवळचं. बियर पिऊन जाताना दूरचं."

ह्रुबेश पोट धरून हसले. "ही बाई आता मला बाजारात विकून येईल," ते म्हणाले.

ऑगस्टातल्या एका रविवारी आजी यित्काला दुकानात सोडून गेली, तशी न्यान गल्ल्यामागून बाहेर आली. दुसरा क्रेट ओढून लेकीसमोर बसली.

"एक होतं दूरचं गाव. समुद्राकाठी. तिथली माणसं मीठ पिकवायची. तिथे एक आई होती. तिच्या खांद्यावर कावड. एका टोपलीत मीठ, दुसऱ्या टोपलीत मुलगी. मुलगी जड झाली की आई मीठ वाढवायची, नाहीतर कावड कलंडणार."

यित्काचे पाय हलायचे थांबले. "ती मुलगी म्हणजे तू?"

"मी. मग दूर बाजारात..."

"दूरच्या."

न्यानचे कान तापले. गप्प बसावं, उठून गल्ल्यामागे जावं असं वाटलं. ती उठली नाही. "दूरच्या बाजारात," ती म्हणाली, "आम्ही जायचो. फार ऊन. आई स्वतःची टोपी काढून माझ्या टोपलीवर ठेवायची."

तेवढ्यात ह्रुबेश आत आले. बाटली काउंटरवर ठेवून त्यांनी दोनदा टकटक केलं. "अहो बाई, पैसे घ्या की."

"थांबा."

"काय म्हणालात?"

"थांबा म्हटलं. लेकीशी बोलतेय मी."

एवढ्या वर्षांत तिने गिऱ्हाइकाला हा शब्द ऐकवला नव्हता. ह्रुबेश गुमान पावांच्या फळीला टेकून उभे राहिले. यित्का आईकडे बघतच राहिली.

"मग तू मला टोपलीत का नाही ठेवलंस?"

याचं उत्तर कुणी शिकवलं नव्हतं. "मला भीती," न्यान म्हणाली. "तू माझ्यासारखी मुकी होणार, ती भीती. म्हणून दिली. रोज मी रडणं. माझं चूक." भाषेचा पार चुराडा झाला होता, पण यित्काने त्यातला एकही शब्द सुधारला नाही. तिने आपला क्रेट आईच्या गुडघ्याला लागेपर्यंत पुढे सरकवला.

लुदमिला आजी नेहमीच्या वेळी आली. "चल यित्का, बस येईल आता."

"तू जा आजी. मी इथेच राहते. ते मीठ विकलं गेलं की नाही, ते आईने अजून सांगितलंच नाही."

आजीचा हात दाराच्या मुठीवरच राहिला. ह्रुबेश अजून फळीपाशीच, उगाच पाव चाचपत राहिले. मग आजी न्यानजवळ आली. डोळे भरले होते, आवाज मात्र रोजचाच.

"रात्री कोको लागतो तिला," ती म्हणाली. "फार गरम देऊ नकोस."

आणि ती एकटीच बसथांब्याकडे निघाली.