वस्तादांची भूक

आमचे वस्ताद माणूस पारखायचे ते पंगतीत. “जो भाकरी टोकरत बसतो, त्यो कुस्तीच्या फडातबी मागं सरतो,” असं म्हणत समोरच्याच्या ताटात ते न विचारता वाढायचे.

सांगलीत त्यांची तालीम होती. उंब्रजहून मी कॉलेजला आलो तेव्हा राहायला जागा नव्हती. वडिलांच्या ओळखीवर वस्तादांनी तालमीच्या माडीवरची खोली दिली, दोन्ही वेळचं जेवण दिलं. “तू शीक. खायचं आमी बघतो.” आमच्या घरातला पहिला पदवीधर मी झालो, तो त्यांच्या घरी जेवून.

त्यांची कुस्ती केव्हाच थांबली होती, खुराक मात्र चालूच होता. शरीर सुटलं, रक्तदाब वाढला, मग मूत्रपिंडं कमजोर झाल्याचं कळलं. डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलं. वस्ताद पोटावर हात फिरवत म्हणाले, “ही चरबी न्हाई डॉक्टर, म्हातारपणाची ठेव हाय.”

“ही ठेव गप्प बसत नाही,” डॉक्टर म्हणाले. “चरबीतून संप्रेरकं सुटतात. ती रक्तातून फिरतात, मूत्रपिंडांनाही त्रास देतात.”

गेल्या वर्षी मी भेटायला गेलो, तेव्हा वस्तादांनी अर्धी भाकरी ताटात ठेवून हात धुतला. काकू खुशीत होत्या. “बघ, एकदाचं डॉक्टरचं ऐकलं ह्यांनी.” मी मात्र हादरलो. पोट भरल्याची खबर मेंदूला देणारं लेप्टिन हे चरबीचंच संप्रेरक. मूत्रपिंडं थकली की ते रक्तात साचतं, भूक मरायला तेही एक कारण असतं, हे मी कॉलेजात शिकलो होतो. वस्ताद पथ्य पाळत नव्हते. त्यांची भूकच मेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा पट्टशिष्य संभा बदामाची थंडाई घेऊन आला. शिष्यानं आणलेला खुराक वस्तादानं परत करायचा नसतो. पेला त्यांच्या हातात गेलासुद्धा.

“वस्ताद, नका पिऊ,” मी म्हणालो.

संभा उसळला. “चार बुकं वाचून आमच्या वस्तादाला उपाशी मारतोस व्हय रं?”

“बदाम-दुधातलं पोटॅशियम त्यांच्या मूत्रपिंडांना बाहेर टाकता येत नाही. ते साचलं तर काळीज थांबेल.”

काकू दारात खिळल्या.

“शिकविलं कशाला मग ह्याला?” असं म्हणून वस्तादांनी पेला संभाच्या हातात दिला. “पी तू. आन् गाडी काढ.”

त्याच दिवशी दवाखान्यात दाखल केलं, डायलिसिस सुरू झालं. पुढं दर खेपेला संभाच न्यायचा, मी सोबत असलो तरी माझ्याशी न बोलता.

एका दुपारी डायलिसिस उरकल्यावर वस्तादांनी विचारलं, “डब्यात काय हाय गं?” काकूंनी आमटी-भात कालवून दिला. ते सावकाश खात राहिले. संभानं पाण्याचा तांब्या माझ्याकडं सरकवला. वस्तादांनी ताट रिकामं केलं.

दिवाळीच्या आधी ते गेले. त्यांचं शेवटचं बोलणं मला आठवतं ते त्या दुपारचं. ताट बाजूला सारत काकूंना म्हणाले होते, “मीठ कमी हाय. उद्या जरा नीट कर.”