हंड्यावरचं फडकं

"हा आजारी कुठे दिसतोय?"

बाई माझ्या भावाकडे बोट करून मला विचारत होत्या. तो समोरच उभा होता. पण त्याला काही विचारावं हे त्यांच्या मनातच आलं नाही.

घाटकोपर पूर्वेला ट्रस्टचा हॉल होता. गुळगुळीत लाद्या, चपला दाराबाहेर. गरीब मनोरुग्णांना हा ट्रस्ट दर महिन्याला गोळ्या द्यायचा. बाई ट्रस्टच्या अध्यक्ष. त्यांच्या बाजूला आणखी दोघीतिघी खुर्च्यांवर बसलेल्या. आम्ही उभे. मी, आई आणि दादा.

"परीटघडीचा शर्ट, गुळगुळीत दाढी, चापून लावलेलं तेल. हा तर मुलाखतीला निघालाय." बाजूच्या बायका हसल्या. "गोळ्या नक्की कोणासाठी नेता गं?"

दादाही हसला. सगळे हसले की तो हसायचा. मी लादीकडे बघत राहिले. राग आला असं म्हणायला हवं, पण नाही आला. हात झोपेत अंगाखाली राहिला की जसा होतो, तशी मी अख्खी झाले होते.

तो शर्ट आईने सकाळी पितळी तांब्यात निखारे घालून इस्त्री केला होता. दाढीही तिनेच केली होती, कारण दादाचे हात गोळ्यांनी थरथरायचे. आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हापासून घरात एक नेम होता. माणसांत जायचं ते स्वच्छ कपडे घालून, मान वर करून. अन्न कमी पडलं तर चालेल, शर्ट मळका चालणार नाही. मदत मागायला जाताना मळकं जायचं असतं, हे आम्हाला कुणी शिकवलंच नव्हतं.

दादा आग्रा रोडवरच्या एका कारखान्यात टर्नर होता. वडील गेल्यावर घर त्याच्यावर होतं. मग त्याला आवाज ऐकू यायला लागले. मशीन आपल्याला शिव्या देतंय म्हणायचा. नोकरी गेली. एकदा आमच्या वस्तीच्या डोंगरामागच्या खाणीच्या कड्यावर जाऊन उभा राहिला. मी त्याच्या कमरेला मिठी मारून त्याला मागे ओढलं. मी तेव्हा अकरावीत होते. सरकारी इस्पितळातल्या डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि दादा परत जरा दादासारखा झाला. पण तिथे गोळ्या बहुतेक वेळा संपलेल्या असायच्या. बाहेरून घ्यायची आमची ऐपत नव्हती. म्हणून ट्रस्ट. गोळी थांबली की कडा, एवढं साधं होतं ते.

त्या दिवशी गोळ्या मिळाल्या. पण जिन्यात ट्रस्टचे कारकून आमच्या मागून आले. माणूस वाईट नव्हता. त्यांनी आईला हळूच सांगितलं, "वहिनी, तुमच्या भल्याचं सांगतो. पुढच्या शनिवारी समारंभ आहे. देणगीदार येणार. त्यांना बघून वाटलं पाहिजे ना काहीतरी. ह्याची दाढी करू नका. कपडे जुने घाला. आणि चार दिवस गोळ्या बंद ठेवा. मरत नाही काय तो. मग बघा, वर्षभराची सोय होईल."

आईने मान डोलावली.

घरी येऊन तिने गोळ्या पिठाच्या डब्यात पुरल्या. मी बघितलं. तिला कळलं मी बघितलं ते.

दादा सकाळी चहानंतर तळहात पुढे करायचा. तशी त्याला सवयच होती.

"आये, गोळी."

"संपली रं."

त्याने तळहात मिटून घेतला. दुसऱ्या दिवशीही हात पुढे आला. मग भिंतीशी बोलणं सुरू झालं आणि त्याने हात पुढे करायचं सोडून दिलं. आई चुलीपाशी पाठ करून बसली होती. तिचे खांदे हलत होते. मी अभ्यासाचं पुस्तक उघडून बसले होते आणि त्यातला एकही शब्द मला दिसत नव्हता.

शनिवारी हॉल भरलेला होता. झेंडूच्या माळा, माइक, बश्यांत सामोसे. आईने दादाला फरशी पुसायला काढलेला शर्ट घातला होता. दाढी वाढलेली. तो तोंडातल्या तोंडात मशीनला उत्तरं देत होता. त्याला स्टेजवर खुर्ची दिली, मला त्याच्या बाजूला उभं केलं. बाई माइकवर आजाराबद्दल फार छान बोलल्या. पुढच्या रांगेतल्या एकाने शेजारच्याला म्हटलं, "हां, ही खरी केस आहे." कुणीतरी डोळ्यांना रुमाल लावला. फोटोवाला खाली वाकून दादाच्या तोंडासमोर आला. फ्लॅश पडला तसे दादाने दोन्ही हात चेहऱ्यावर घेतले. त्याचाही फोटो काढला.

मग दादाची नजर स्वतःच्या बाहीवर गेली. तो बाही चाचपून बघायला लागला. डोक्यातले आवाज क्षणभर थांबले असावेत. माझ्याकडे बघून तो म्हणाला,

"ए बाय, माझा शर्ट कुठाय? मोठ्या मानसांत आलोय ना आपन?"

तिथे मला लख्ख दिसलं. त्याला सगळं कळत होतं. चार दिवस आम्ही त्याच्यापासून गोळी लपवली, त्याला आजारी केलं, आणि त्या आजारातही त्याला शर्टाची लाज होती. आम्हालाच उरली नव्हती.

बाईंनी माइक माझ्या हातात दिला. "बोल बाळ. ट्रस्टमुळे काय मदत झाली ते सांग सगळ्यांना."

मी म्हणाले, "माझ्या भावाच्या गोळ्या आम्ही चार दिवस बंद केल्या. तुम्हाला दाखवायला. आता बघून झालं असेल तर आम्ही जातो."

माइक शिटी वाजल्यासारखा किंचाळला. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. कारकून दाराबाहेरच्या चपलांकडे बघत होते. टेबलावर आमच्या नावाचं गोळ्यांचं पाकीट होतं. आईचा हात तिकडे गेला. बाईंनी ते उचलून घेतलं आणि म्हणाल्या, "दान घ्यायलासुद्धा पात्रता लागते."

रस्त्यात आईने मला कानफटात मारली. "आता गोळ्या कुठनं आनशील? सांग की! तोंड वर करून बोलाया लागलीस, गोळ्या कुठनं आनशील?" मला ती लागलीच नाही. दादा आम्हा दोघींच्या मध्ये येऊन उभा राहिला आणि हसला.

पिठाच्या डब्यातल्या गोळ्या थोडे दिवस पुरणार होत्या. त्यापुढे काही नव्हतं.

आमच्या वस्तीतल्या विहारात एक पितळी हंडा होता. अजून आहे. त्याच्या तोंडावर फडकं बांधलेलं असतं, हात जाईल एवढी फट ठेवून. रविवारी वंदना झाली की प्रत्येकजण त्यात बंद मूठ घालतो आणि बंद मूठच बाहेर काढतो. कोण पैसे टाकून गेलं, कोण घेऊन गेलं, कुणाला दिसत नाही. विचारायचं नाही. फडकं उचलायचं नाही. कुणाचा कारखाना बंद पडला, कुणाकडे बाळंतपण आलं, तर त्या घराने हंड्यातून घ्यायचं. आई दर रविवारी टाकायची. दादासाठी तिने कधी घेतलं नव्हतं. तिच्या लेखी ताप हा आजार, बाळंतपण ही अडचण. डोक्याचं दुखणं ही लपवायची गोष्ट. दादाला पोटाचा विकार आहे, असं तिने सगळ्यांना सांगितलं होतं. माझं लग्न व्हायचं होतं ना.

त्या रविवारी वंदनेनंतर मी उठून उभी राहिले. आई मला खाली ओढत होती. मी सांगितलं, "माझा भाऊ डोक्याने आजारी आहे. त्याला गोळ्या लागतात. मला हंड्यातून पैसे घ्यायचेत."

हंडा सांभाळायची कमळामावशी, भाजी विकायची ती. ती एकदम उखडली.

"सांगितलंस कशापायी? कुनी इचारलं व्हतं तुला? हात घाल आन् घे की."

मी हात घातला. नाणी गार लागली, चुरगळलेल्या नोटा लागल्या. मी मूठ मिटली आणि न बघता बाहेर काढली. बघितल्याशिवायही माणूस देऊ शकतो, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. रडू यायला हवं होतं. आलं नाही. त्या हॉलमध्ये जे बधिर झालं होतं, ते अजून तसंच होतं.

दुसऱ्या दिवशी नळावर मागच्या गल्लीतली एक बाई माझ्याजवळ सरकली. "कुठल्या इस्पितळात जाता गं? माझ्या सासूलाबी तसंच हाय." मग आणखी एक आली. दुखणं लपवलेली घरं एकेक करून उघडी पडायला लागली. सगळ्यांच्या गोळ्या आम्ही एकत्र आणायला लागलो. शेजारच्या वस्त्यांनी आपापले हंडे आमच्या हंड्यात मिळवले. विहारामागच्या खोलीत आठवड्यातून एकदा डॉक्टर येऊन बसायला लागले.

सगळं छान झालं असं नाही. एकदा हंडा रिकामाच निघाला. कुणीतरी खरवडून नेला होता. कुणी, याचा अंदाज सगळ्यांना होता. मी म्हणाले, फडकं काढू या. कमळामावशी म्हणाली, "काढ. मंग उद्या घेनाऱ्याला ष्टेजवर बी बशीव." त्या आठवड्यात दादाने तळहात पुढे केला तेव्हा त्यावर मी अर्धीच गोळी ठेवली. फडकं राहिलं.

काही वर्षांनी ट्रस्टच्या बाई वस्तीत आल्या. आमच्या खोलीबद्दल त्यांच्या कानावर गेलं होतं. मला त्यांनी ओळखलं नाही. दारात दादा बसला होता, इस्त्रीचा शर्ट घालून. त्याने उठून त्यांना पाणी दिलं. पाणी थोडं सांडलं. त्यालाही त्यांनी ओळखलं नाही.

त्यांच्या हातात नोटांचं जाडजूड पाकीट होतं. "पेशंट कुठे आहेत?" त्यांनी विचारलं. "एकदोघांना बोलवा. कुणाला मदत जातेय ते बघितलं की बरं वाटतं."

मी हंडा दाखवला. "ह्यात टाका."

"आणि ते कुणाला मिळतंय, मला कसं कळणार?"

"नाही कळणार."

"मग आम्ही विश्वास कसा ठेवायचा?"

"आम्ही ठेवला तसा. फडकं न उचलता."

मग पाकीट पर्समध्ये गेलं, पर्सची चेन लागली. उतारावरून त्या सांभाळून उतरत होत्या, तेव्हा दादाने त्यांना हात दिला.

त्या महिन्यात हंडा जवळजवळ कोरडा होता. त्या पाकिटाबरोबर किती घरांच्या गोळ्या गेल्या, हे मला पक्कं माहीत आहे. आई आजही ते ऐकवते आणि तिचं चूक नाही. बाई पुन्हा आल्या तरी मी हेच सांगणार. हात घाला, नाहीतर परत जा. गोळीसाठी माझ्या भावाने एकदा आजारी दिसून दाखवलं आहे. ह्या वस्तीतलं कुणीही पुन्हा दाखवणार नाही.