ब्रदरचे हात

हॉस्पिटलात मी आजारी बहिणीच्या उशाशी बसले होते. शेजारच्या खाटेवरच्या आजींच्या पाठीला झोपून झोपून जखमा झाल्या होत्या. त्या वॉर्डातला एकमेव पुरुष नर्स, सगळे त्याला ब्रदर म्हणत, ड्रेसिंगचा ट्रे घेऊन आला. आजींचा मुलगा आडवा उभा राहिला.

"बाई नाही का कुणी?"

"सिस्टर ऑपरेशनला गेल्यात. वेळ लागेल."

"लागू दे."

"अरे, कुणीही करा, पण करा रे," आजी कळवळून म्हणाल्या.

"आई, तू गप्प बस."

ब्रदर ट्रे घेऊन परत गेला. आजी संध्याकाळपर्यंत कण्हत राहिल्या. लाज एकाची होती आणि सोसत होतं दुसरंच कुणी.

दुसऱ्या दिवशी दुपारी आजी गेल्या. त्यांचं सगळं आवरायला त्याच ब्रदरला बोलावलं. आता कुणाची हरकत नव्हती. जिवंतपणी जपायचं शरीर मेल्यावर नुसतं उचलायचं उरतं की काय, असं वाटून गेलं.

"आजी, कुशीवर घेतो हं," तो हळूच म्हणाला. मग त्यानं त्यांची पाठ पुसली आणि जखमांवर स्वच्छ पट्ट्या लावायला घेतल्या.

"आता कशाला ते?" मुलगा दारातून म्हणाला. "आटपा लवकर, खाली गाडी थांबलीय."