बेंबीभोवतीचा डाग

नवरा कोळारच्या गोदामात कामाला; तिथून भर दुपारी घरी आला तो पोट धरून, पार वाकून. दुखणं वरच्या पोटातून आरपार पाठीत जायलं होतं, ओकाऱ्या थांबेनात. मी रिक्षा बघायला निघाले, तर सासूबाई आडव्या आल्या. "बेंबी सरकली असंल. आधी तांब्या लावू."

आमच्याकडं पोट दुखलं की हेच. पोटावर पेटती पणती ठेवायची, वर तांब्या उपडा घालायचा. दिवा विझला की तांब्या कातडं ओढून घट्ट बसतो आणि सरकलेली बेंबी म्हणे जागेवर येते. माझा यावर काडीचा विश्वास नाही. पण नवराच कण्हत म्हणाला, "लाव गं आई, काय लावायचं ते." लावला, काढला, दुखणं तसंच. मग कुठं दवाखाना.

डॉक्टरीणबाई तरुण, अर्धं कन्नडात, अर्धं हिंदीत भराभर बोलणाऱ्या. पित्ताचा खडा अडकून स्वादुपिंडाला सूज आली होती. रक्तात लायपेज, म्हणजे स्वादुपिंडातला पाचक रस, हजाराच्या पुढं गेलेलं ऐकून मी विचारलं, आता किती बिघडणार? त्या म्हणाल्या, या आकड्यावरून आजार कोणता ते कळतं, किती बिघडणार ते कळत नाही. त्यासाठी उद्या रक्तातला युरिया बघायचा, परवा सूज किती ते सांगणारा सीआरपी. ते चढत गेले तर मूत्रपिंड, फुप्फुस, सगळ्यालाच धोका. आणि तोवर आम्ही काय करायचं, ते कुणीच सांगेना.

तपासायला त्यांनी सदरा वर केला आणि खाली वाकून बघितलं. बेंबीभोवती जांभळा डाग होता. "हे कधीपासून?" आत रक्तस्राव झाला की असा डाग येतो म्हणे. लगेच हैदराबादला हलवायचं म्हणून त्या अँब्युलन्स बोलवायला लागल्या. सासूबाई पदर तोंडाला लावून भिंतीकडं बघायला लागल्या. माझं डोकंच सटकलं. "आत्या, तुमी सांगता का मी सांगू?"

शेवटी तांब्याचं मीच सांगितलं. वाटलं, आता सुटलो. बाईंनी डागाच्या कडेवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "सांगितलं ते बरं केलं. हैदराबाद सध्या थांबवते. पण हा डाग तांब्याचा की आतला, ते आता मलाही सांगता येणार नाही. रक्त काय म्हणतं ते बघू."

म्हणजे डोळ्यांना दिसणारी एक खूण होती, तीही आम्ही घालवली होती.

मला एका जागी बसवेना. नवऱ्याच्या तोंडात पाण्याचा थेंब घालायचा नव्हता, सगळं सलाईनवर. लॅबच्या खिडकीशी मी इतक्या चकरा मारल्या की तिथला माणूस म्हणाला, "अक्का, तुमी आलात म्हणून मशीन जोरात पळत न्हाई." सासूबाई घडीघडीला सदरा उचलून विचारायच्या, "फिका व्हायलाय का गं?" मी खेकसायची. जरा वेळानं त्यांची पाठ फिरली की मीच उचलून बघायची.

दुसऱ्या दिवशी युरिया थोडा उतरला. मी हसले, तर बाई म्हणाल्या, इतक्यात नको, सीआरपी येऊ द्या.

तिसऱ्या दिवशी तो आला तेव्हा बाईंनी कागद वाचला आणि पहिल्यांदाच स्टूल ओढून बसल्या. सीआरपी वाढला होता, पण भ्यायचं तेवढा नाही. युरिया अजून खाली. "इथंच बरे होतील. खड्याचं नंतर बघू."

मी खाटेजवळ गेले. सांगायला तोंड उघडलं आणि रडूच फुटलं. नवऱ्यानं उशीवरून मान उचलली. "आकडा वाईट आला का?"

"न्हाई. चांगला आलाय."

"खोटं बोलायलीस. चांगला आला तर रडायलीस कामून?"

"मंग कवा रडू?" मी त्याच्यावरच ओरडले. "वाईट आला असता तर तुमच्यासमोर रडता आलं असतं का मला?"