शालनमावशींनी मला विचारलं होतं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. घरी नाही, संस्थेतही नाही. आणि आता सांगायला बसले, तर कुठून सुरू करावं तेच कळेना.

मी ईट गावच्या ग्रंथालयात काम करते. एका संस्थेतर्फे मोठ्या बायांना वाचायला शिकवते, मोबाइलवरचे खोटे मेसेज कसे ओळखायचे तेही सांगते. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. वडील कॉलेजला पाठवायला तयार नव्हते. माझे शाळेतले गुरुजी त्यांना समजवायला रोज संध्याकाळी आमच्या ओट्यावर येऊन बसायचे, तेव्हा कुठं वडील हो म्हणाले. हे मी का सांगतेय? सबब म्हणून नाही — निदान तसं वाटू नये.

शालनमावशी माझ्या वर्गातल्या. वाचता यायला लागल्यावर एसटीची पाटी त्या नवऱ्याच्या आधी वाचायच्या आणि वर विचारायच्या, "चष्मा इसरलाव व्हय?" त्यांना शुगर होती.

एका दुपारी त्यांनी मोबाइल माझ्यापुढं धरला. अक्षराला अक्षर जोडत पूर्ण मेसेज स्वतः वाचला होता. गोळ्यांनी किडनी जाते, गोळ्या सोडा, पाल्याचा रस प्या. गावाच्या ग्रुपवर तो गुरुजींनीच टाकलेला. आणि गुरुजी तिथंच, खिडकीपाशी पेपर वाचत बसलेले.

"पोरी, तू शिकलेली हाईस. खरं हाय का ह्ये?"

खोटं होतं. मला माहीत होतं. गुरुजींचं पान उलटायचं थांबलं — की मलाच तसं वाटलं?

मी म्हणाले, "गुरुजींनी पाठवलंय म्हणजे बघूनच पाठवलं असेल, मावशी."

संध्याकाळी त्यांच्या घरी जाऊन खरं सांगता आलं असतं. गेले नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. गुरुजी रागावले असते? कदाचित "बरं झालं सांगितलंस" म्हणाले असते. मग मी कशाला भ्याले? ती कृतज्ञता होती, की दुसरंच काही — अजून उलगडत नाही.

मावशींनी गोळ्या सोडल्या. पुढं त्यांची नजर गेली. आता अक्षर दिसत नाही. डॉक्टर म्हणाले, शुगर जुनीच होती, गोळ्या सुटल्यानं आणखी बिघडलं. त्यातलं माझ्या शब्दानं किती? मावशी म्हणतात, वयाचं हाय. मी मान हलवते. मी पेपर वाचून दाखवायला जाते, तर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, पोरगी लई जीव लावती.

वर्गात मी अजूनही तेच शिकवते — मेसेज आला की लगेच विश्वास ठेवू नका. ज्याला कळतं, ज्याच्यावर भरवसा आहे, अशा माणसाला आधी विचारा.

मावशींनी तेच केलं होतं.